नोआँचा वाडा आणि नामपल्लीचा उंबरठा

हैदराबाद आणि फ्रान्स यांचा संबंध निघाला की आपल्याकडील जाणकार मंडळी मूसारामबागेचे नाव घेतात. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ याला येथील मुसलमान 'मूसा रहीम' म्हणत आणि हिंदू 'मूसा राम'. त्याच्या नावाची वस्ती आणि टेकडीवरील त्याची समाधी या दोन्ही खुणा आजतागायत टिकून आहेत. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत याच रेमाँच्या कवायती पलटणी मराठ्यांपुढे उभ्या होत्या. आपल्यापैकी काही घराण्यांचे पूर्वज त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूस असतील, काहींचे निजामाच्या. पुढे दोहोंचे वंशज एकाच सुलतान बाजारात भाजी घेऊ लागले, हा या शहराचा महिमा. रेमाँ १७९८ साली वारला आणि फ्रेंचांशी असलेला आपला लष्करी संबंध तेथेच आटोपला.

तथापि आणखी एक धागा आहे. तो तोफांचा नाही, बैठकींचा आहे. १९०५ साली लंडनच्या हाइनमान या प्रकाशनसंस्थेने सरोजिनी नायडू यांचा 'द गोल्डन थ्रेशोल्ड' हा पहिला महत्त्वाचा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. त्याला प्रस्तावना लिहिली आर्थर सिमन्स या इंग्रज कवी-समीक्षकाने. फ्रेंच प्रतीकवादी कवींची ओळख इंग्रजी वाचकांना करून देणारा ग्रंथ १८९९ साली लिहिणारा तो हाच सिमन्स. पॅरिसमध्ये कवी मालार्मे यांच्या घरी दर मंगळवारी भरणाऱ्या बैठकीत तो जाऊन बसलेला होता. एका साध्या भाड्याच्या घरात, लहानशा जेवणघरात बसून एक शाळामास्तर बोलत असे आणि युरोपातील नव्या कवितेची दिशा तेथे ठरत असे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाने सरोजिनीबाईंच्या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना त्यांच्या पत्रांतील जो मजकूर उचलला, त्यात हैदराबादच्या एका बागेतील रोजच्या दरबाराचे वर्णन आहे. मंगळवारच्या बैठकीत बसलेल्याला त्या बागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसावे, असे मला वाटते.

त्या बागेकडे वळण्यापूर्वी फ्रान्समधील अशा घरांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील कलावंत पॅरिस सोडून खेड्यापाड्यांत जमू लागले. त्याची कारणे काही अंशी अगदी व्यवहारातील होती. १८४१ साली धातूच्या नळीत भरलेला तयार रंग निघाला आणि चित्रकाराला रंग घोटण्याची खटपट न करता रानात बसून चित्र काढणे सोपे झाले. मागोमाग आगगाडी आली आणि फाँतेनब्लोचे अरण्य काही तासांवर आले. अरण्याच्या काठावरील बार्बिझाँ या गावी गान नावाच्या एका कुटुंबाची खाणावळ होती. तेथे उतरणारे चित्रकार भिंतींवर आणि कपाटांच्या दारांवर चित्रे काढून ठेवीत. समुद्रकाठी आँफ्लर गावाजवळील एका शेतघरात बूदँ आणि तरुण मोने उतरत. परंतु ही झाली पैसे देऊन राहण्याची ठिकाणे. ज्या घराने कलावंतांना घरचे म्हणून सामावून घेतले, असे पहिले नाव घ्यावयाचे तर ते नोआँचे.

नोआँ हे पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर, बेरी प्रांतातील एक लहान खेडे. तेथील वाडा १७९३ साली, म्हणजे राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, एका विधवा बाईने विकत घेतला. तिची नात ओरोर द्युपँ. 'जॉर्ज सँड' या पुरुषी टोपणनावाने लिहून जगप्रसिद्ध झालेली लेखिका ती हीच. आजीच्या मृत्यूनंतर १८२१ साली वाडा तिच्याकडे आला. पण दुसऱ्याच वर्षी तिचे लग्न झाले आणि त्या काळच्या फ्रेंच कायद्यानुसार बायकोच्या मिळकतीची वहिवाट नवऱ्याकडे गेली. ती मोडून काढण्यासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. १८३६ साली ती विभक्त झाली, वाडा परत तिच्या ताब्यात आला, आणि वाड्याचा खरा इतिहास तेथून सुरू होतो. पुढच्याच वर्षी पियानोवादक लिस्ट येऊन राहिला. १८३८ साली बाल्झाक आला. १८३९ साली शोपँ आला आणि १८४० चे वर्ष सोडता १८४६ पर्यंतचे सारे उन्हाळे त्याने तेथे काढले.

शोपँ प्रकृतीने नाजूक आणि कानाने त्याहून नाजूक. त्याला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या खोलीच्या दाराला गादीसारखे अस्तर लावण्यात आले होते. पॅरिसहून प्लेयेल कंपनीचा पियानो त्याच्यासाठी खेड्यात आणला जाई. बी मायनरमधील त्याची सोनाटा १८४४ च्या उन्हाळ्यात येथेच तयार झाली. १८४२ साली देलाक्रवा हा चित्रकार पाहुणा म्हणून आला. उघड्या खिडकीतून शोपँच्या वाद्याचे सूर आणि बागेतील पाखरांचा आवाज एकत्र होऊन आपल्यापर्यंत येतात, असे त्याने मित्राला कळविले. त्याला चित्र काढण्याची हुक्की आली, पण जवळ कॅनव्हास नव्हता. यजमानीणबाईंनी स्वतःच्या अंगवस्त्रासाठी आणून ठेवलेले जाड कापड त्याला देऊन टाकले. घरातील मोलकरीण आणि तिची मुलगी यांना समोर बसवून त्याने त्यावर माता मेरीच्या बालपणातील शिक्षणाचे चित्र रंगविले. मला या घराची किल्ली या कापडात सापडते. पाहुण्याचे काम हे घरचे काम, ही तेथील रीत होती.

आणि घर चालत होते कशावर? जमिनीचे उत्पन्न होते, पण ते पुरेसे नव्हते. सँड रात्री सगळी निजानीज झाल्यावर लिहावयास बसे ती पहाटेपर्यंत लिही. तिच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तरच्या घरात जाते. त्यांतील बऱ्याच कादंबऱ्या वाण्याची, लोहाराची आणि पाहुण्यांची बिले भागविण्यासाठी लिहिल्या गेल्या, असे म्हटल्यास तिच्यावर अन्याय होणार नाही. दिवसा पाहुणे आपापल्या खोलीत मोकळे. संध्याकाळच्या जेवणाला मात्र सर्वांनी एकत्र यायचे. १८४७ साली शोपँशी बेबनाव झाला आणि १८४८ च्या क्रांतीने राजकारणातील तिच्या आशा धुळीस मिळविल्या. तेव्हा तिने वाड्यातच एक छोटे नाट्यगृह उभे केले. मुलगा मॉरिस कळसूत्री बाहुल्या कोरी, आई त्यांचे कपडे शिवी. पॅरिसच्या रंगभूमीवर जाणाऱ्या तिच्या नाटकांची पहिली परीक्षा या घरगुती प्रेक्षकांपुढे होई. म्हातारपणी फ्लोबेर दोनदा येऊन गेला, १८६९ च्या नाताळात आणि १८७३ च्या ईस्टरला. दुसऱ्या वेळी रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हही होता. फ्लोबेरला साहित्याखेरीज दुसरे बोलणे नको असे आणि घरातल्या नाचगाण्यावर तो कुरकुरे. आपल्या साहित्यसंस्थांतूनही अशी एक व्यक्ती असतेच. नाव कशाला घ्या!

आता आपल्या शहरातील त्या बागेकडे येऊ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे मूळचे पूर्व बंगालचे, एडिंबरो विद्यापीठाचे विज्ञानाचे डॉक्टर. १८७८ च्या सुमारास ते हैदराबादेस आले आणि जे पुढे निजाम कॉलेज म्हणून नावारूपास आले त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. दक्षिणेत कोणी नातलग नाही, भाषा परकी, पदरी मुलेबाळे. आपल्यापैकी ज्यांचे पणजोबा बीड-परभणीकडून किंवा थेट पुण्याहून नोकरीनिमित्त येथे आले, त्यांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की आपल्या मंडळींनी प्रथम आपल्या माणसांचा शेजार शोधला आणि या बंगाली गृहस्थाने आपले अंगण सर्वांना मोकळे केले. सरोजिनीबाईंच्या वर्णनानुसार त्यांच्या बागेत रोज मोठा दरबार भरे. त्यात सर्व धर्मांचे विद्वान असत, राजे असत, भिकारी असत, साधू असत आणि अट्टल लबाडही असत, व सर्वांना वागणूक एकच मिळे. अघोरनाथांना किमयेचाही नाद होता. आज ना उद्या सोने हाती लागेल या आशेने रात्रंदिवस त्यांचे प्रयोग चालत आणि मिळकतीचा पैसा त्यात व लोकांच्या मदतीत जाई. सोने काही सापडले नाही. मुलीने मात्र आपल्या संग्रहाच्या नावात ते आणले.

हा दरबार नुसत्या गप्पांचा नव्हता. १८८३ साली निजामाच्या राज्यातून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, लोहमार्ग नेण्याची योजना पुढे आली. तिच्या अटींची माहिती रयतेला द्यावी, असा आग्रह ज्यांनी धरला त्यांत अघोरनाथ अग्रभागी होते. सरकारने त्यांना त्याच वर्षी मे महिन्यात राज्याबाहेर घालविले. पुढे परत बोलावून घेतले. सरकारी खर्चाचा हिशेब मागणे ही मागणी आज अगदी साधी वाटते. परंतु निजामी अमलात ती प्रथम उच्चारणाऱ्यांत एक प्राध्यापक होता आणि ती त्याच्या अंगणातील मंडळींच्या बळावर उच्चारली गेली, हे विसरून चालणार नाही.

या घरातील भाषेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लहानगी सरोजिनी इंग्रजी बोलावयास तयार नव्हती. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला त्यासाठी दिवसभर एका खोलीत एकटे कोंडले. बाहेर आली ती इंग्रजी बोलतच! आई तिच्याशी हिंदुस्थानीत बोले आणि ती आईला इंग्रजीत उत्तर देई. बाराव्या वर्षी ती मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक झाली. निजामाच्या शिष्यवृत्तीवर १८९५ साली विलायतेस गेली. तेथे एडमंड गॉस या समीक्षकाने तिच्या विलायती पाखरांच्या आणि फुलांच्या कविता वाचून तिला सांगितले की हे सारे टाकून दे आणि दख्खनविषयी लिही. त्या उपदेशातून गोवळकोंड्याच्या कबरी, पालखीचे भोई, हैदराबादची सांज आणि बाजार इंग्रजी कवितेत आले. म्हणजे आपल्या बाजाराकडे पाहण्याची आज्ञा लंडनहून आली. याचे वाईट वाटून घ्यावे की कौतुक करावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

१८९८ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी झाला. वधू बंगाली ब्राह्मण, वर तेलुगू आणि अब्राह्मण. विवाह मद्रासला नव्या कायद्याने लागला. नामपल्ली स्टेशन रोडवरील त्यांचे घर पुढे संग्रहाच्याच नावाने 'गोल्डन थ्रेशोल्ड' म्हणून ओळखले जाऊ लागले. इंग्रजीत 'थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरठा. पण मराठी माणसाच्या मनात उंबरठा म्हटला की अडवणारा उंबरठा प्रथम येतो. घरच्या सुनेने ओलांडू नये तो, परक्याने चपला काढून थांबावे तो. नामपल्लीच्या या उंबरठ्याचा उपयोग मात्र आत येण्यासाठीच झाला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो प्रलयंकर पूर आला, ज्याच्या कथा आपल्या आज्या सांगत, त्यानंतर सरोजिनीबाईंनी मदतकार्यात स्वतःला झोकून दिले आणि सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केले. या घराचे मराठीशी नाते पाहावयाचे तर नामदार गोखले यांचे नाव घ्यावे लागते. गोखल्यांनी त्यांना देशकार्याकडे ओढले आणि १९१५ साली गोखले गेल्यावर सरोजिनीबाईंनी त्यांच्या आठवणी लिहिल्या. गांधीजींशी तर पुढे घरोबाच झाला. आवारातील आंब्याचे झाड त्यांच्या हातचे असल्याचे सांगितले जाते.

येथे थोडे परखडपणे बोलले पाहिजे. नोआँशी तुलना करावयाची तर नामपल्लीच्या घरात शोपँसारखा कोणी उन्हाळा काढावयास आला नाही आणि तेथे एखादी अजरामर रचना पाहुण्याच्या हातून झाली नाही. खुद्द यजमानीणबाईंचे काव्यलेखन १९१७ च्या तिसऱ्या संग्रहाबरोबर बहुतांशी थांबले. १९२५ साली त्या कानपूर काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यानंतर तर त्यांचा मुक्काम सदैव प्रवासातच. मग या घराला बैठकीचे घर का म्हणावयाचे? माझे उत्तर असे की प्रत्येक शहराची उणीव वेगळी असते आणि घर ती उणीव भरून काढते. पॅरिसच्या कलावंताला शांतता हवी होती. ती नोआँने दिली. हैदराबादेत शांततेचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो एकमेकांच्या ओळखीचा. महाराजा किशन प्रसाद, जे स्वतः 'शाद' या नावाने उर्दू-फारसीत लिहीत, यांच्याकडील मुशायऱ्यांत उर्दूचे रसिक जमत. शालीबंड्यात रायरायान घराण्याच्या देवडीत मराठी रीतिरिवाज चालत. तेलुगू मंडळींचे वर्तुळ निराळे, रेसिडेन्सीतील इंग्रजांचे निराळे. एकाच शहरात चार शहरे. कोणत्याही एका शहराचे नसलेले घर चौघांना लागत होते, आणि ते बाहेरून आलेल्या, जातीबाहेर लग्न केलेल्या माणसांचेच असू शकत होते.

खऱ्या अर्थाने शहराबाहेरचे घर म्हणावे असेही एक उदाहरण येथे झाले. बंजारा हिल्स हा भाग निव्वळ खडक आणि झुडपांचा असताना नवाब मेहदी नवाज जंग यांनी त्या खडकांशी जुळवून घेत तेथे घर बांधले. १९३३ साली रवींद्रनाथ हैदराबादेस आले ते तेथे उतरले आणि त्या टेकड्यांवर त्यांनी कविता लिहिली. हेच मेहदी नवाज जंग १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. आजच्या बंजारा हिल्समधून जाताना त्या एकांताची कल्पना करणे कठीण आहे.

आणि आपली घरे? १९३१ साली हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. संमेलनातील भाषणे छापली जातात. पाहुणे कोणाच्या माडीवर उतरले, रात्री कोणाच्या ओसरीवर वाद रंगला, कोणत्या काकूंनी अवेळी पिठले टाकले, हे घरच्यांच्या आठवणीपुरते उरते. नरहर कुरुंदकर सिटी कॉलेजात शिकत असताना आपले मामा ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहत. मामा उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. महाराष्ट्राने पुढे ज्यांना विचारवंत म्हणून मानले, त्यांच्या वाचनाची आणि वादाची घडण त्या घरात झाली. केशवराव कोरटकरांसारख्या वकिलाकडे पक्षकारांबरोबर शाळा काढू पाहणारी माणसेही बसलेली असत, म्हणून विवेकवर्धिनी उभी राहिली. ही घरे नोआँच्या तोडीची नसतील, पण त्याच जातीची होती.

सेवेत असताना रस्तारुंदीकरणासाठीच्या भूसंपादनाची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जात. प्रत्येक घराचा एक तक्ता असे. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, छत कौलारू की गच्चीचे, सागवान किती, बांधकामाचे वय, घसारा. जुन्या शहरातील एका वाड्यापुढे 'जीर्ण' एवढा एक शब्द होता. त्या वाड्यात तीन पिढ्या भजनाची आणि नंतर वाचनाची बैठक भरत असे, हे मला ठाऊक होते. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता आणि नियमाप्रमाणे असूही शकत नव्हता. भरपाई सागवानाची मिळाली. मालकांचीही तक्रार नव्हती. मुले पुण्यास आणि परदेशी स्थायिक झालेली होती.

म्हणून मला या दोन दूरच्या घरांतील एक साम्य फार महत्त्वाचे वाटते. दोन्ही घरे स्त्रियांनी नावारूपास आणली आणि दोन्ही स्त्री-वारसांनीच वाचविली. जॉर्ज सँड १८७६ साली नोआँलाच वारली. तिची नात ओरोर आजीच्या मृत्यूसमयी दहा वर्षांची होती. तिने पुढे सारे आयुष्य ते घर, त्यातील बाहुल्या, पत्रे आणि टाके घातलेले पोशाख सांभाळले आणि १९५२ साली वाडा फ्रेंच सरकारच्या हवाली केला. इकडे सरोजिनीबाई २ मार्च १९४९ रोजी लखनौला राज्यपालपदावर असताना वारल्या. त्यांच्या कन्या पद्मजा नायडू स्वतः अकरा वर्षे पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. त्या १९७५ साली गेल्या आणि त्यांच्या इच्छेनुसार गोल्डन थ्रेशोल्ड हैदराबाद विद्यापीठाकडे आले. नामपल्ली-आबिड्सची जागा, तिची बाजारातील किंमत तेव्हाही थोडी नव्हती. घर विकले असते तर कोणी नावे ठेवली नसती.

विद्यापीठ नुकतेच १९७४ साली स्थापन झाले होते आणि त्याला स्वतःची इमारत नव्हती. गच्चीबावलीच्या माळावर बांधकामे उभी राहीपर्यंत त्याचा कारभार याच घरातून चालला. म्हणजे प्राचार्यांच्या मुलीचे घर पुन्हा विद्यार्थ्यांनी भरले. पुढे तेथे विद्यापीठाचा कलाविभाग आला. २०१२ साली नाट्यप्रसाराचे एक केंद्र सुरू झाले आणि आवारात तालमी होऊ लागल्या. नोआँच्या वाड्यात आज जाणाऱ्याला जेवणघरातील लांब टेबलावर ताटे मांडलेली दिसतात. प्रत्येक ताटापुढे पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी आहे. शालीबंडा, हुसेनी आलम, गौळीगुडा आणि काचीगुडा येथील आपल्या घरांत कोण कोण बसून गेले, त्या नावांची एक वही मी गेल्या वर्षीपासून लिहू लागलो आहे. ज्यांच्याकडे जुनी पत्रे, पाहुण्यांच्या जमाखर्चाच्या वह्या किंवा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी त्या मला वाचावयास द्याव्यात. नक्कल करून घेऊन मूळ कागद परत करीन.